राज्य बदललं की हक्कही बदलतात का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच विषयावरचे इतके प्रश्न आले की अख्खा कॉलम त्यालाच द्यायचा ठरवलं. अमेरिकेत राहणारी कोणाची मुलगी, कोणाचा भाचा, काही ठिकाणी तर लिहिणारे स्वतःच, कोणी गे, कोणी लेस्बियन, कोणी ट्रान्स, आणि सगळ्यांचा घोळ साधारण एकच, की न्यू जर्सीत जे बिनबोभाट चालतं ते टेक्सासमध्ये का अडतं. नावं कोणाचीच छापलेली नाहीत. मी देते ती माहिती आहे, तुमच्या केसमध्ये नेमकं काय करायचं ते तिथल्या वकिलालाच विचारा, कारण राज्यांचे हे कायदे दर अधिवेशनात बदलतायत.

प्रश्न : माझ्या मुलीने 2019 मध्ये न्यू जर्सीत तिच्या मैत्रिणीशी लग्न केलं. आम्हाला स्वीकारायला वेळ लागला पण आता दोघी आमच्याच आहेत. मुलीला ह्यूस्टनला नोकरी मिळालीय. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले की टेक्सासच्या घटनेतच लिहिलंय की लग्न फक्त बाई आणि पुरुषाचं. मग ती तिथे गेली की लग्न रद्द होणार का? मुलगी एच वन बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे आणि सूनबाई एच फोर वर (तिच्या जोडीदाराच्या व्हिसावर), म्हणून जास्तच धास्ती वाटते. — एक आई, पुणे

ताई, लग्न रद्द होणार नाही, आधी हे ऐकून शांत व्हा.

त्या गृहस्थांचं म्हणणं अर्धं खरं आहे. टेक्सासमध्ये 2005 साली मतदान होऊन ते वाक्य घटनेत घातलं गेलं आणि ते आजही तिथेच आहे, कोणी काढलेलं नाही. पण 26 जून 2015 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ओबर्गफेल केसमध्ये 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना लग्न करू देणं आणि दुसऱ्या राज्यात झालेलं लग्न मानणं या दोन्ही गोष्टी प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहेत, त्यामुळे टेक्सासचं ते वाक्य छापलेलं असलं तरी लागू करता येत नाही.

ही केस मुळात तुमच्याच प्रश्नाची होती म्हणून सांगते. जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर ओहायोत राहायचे. जॉनला एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार) झालेला, अंथरुणाला खिळलेला, आणि ओहायोत त्यांना लग्न करता येत नव्हतं. म्हणून जुलै 2013 मध्ये दोघं मेडिकल विमानाने मेरीलँडला गेले, बाल्टिमोरच्या धावपट्टीवर विमानातच लग्न लावलं आणि तसेच परत आले. तीन महिन्यांनी जॉन गेला. जिमची मागणी एवढीच होती की जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर नवरा म्हणून आपलं नाव यावं, आणि ओहायो राज्य त्यालाही तयार नव्हतं. एका राज्यात नवरा आणि दुसऱ्या राज्यात कोणीच नाही, हे माणसाच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

आता तुमच्या मनात पुढचा प्रश्न येईल की उद्या कोर्टाने हा निकालच फिरवला तर? 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा 49 वर्षं जुना निकाल फिरवला गेला तेव्हापासून ही भीती बऱ्याच लोकांना आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही. त्यातूनच डिसेंबर 2022 मध्ये रिस्पेक्ट फॉर मॅरेज अॅक्ट झाला. त्यात असं आहे की लग्न जिथे झालं तिथे कायदेशीर असेल तर केंद्र सरकारने ते मानायचं आणि बाकीच्या राज्यांनीही मानायचं. म्हणजे उद्या सगळं उलटलं तरी तुमच्या मुलीचं न्यू जर्सीतलं लग्न टेक्सासला मानावंच लागेल. या कायद्यात एक मोठी उणीव आहे ती म्हणजे राज्यांनी समलिंगी जोडप्यांना लग्नाचं नवीन लायसन्स दिलंच पाहिजे असं तो म्हणत नाही, पण ज्यांचं लग्न आधीच झालंय त्यांना तो आधार आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंटकीच्या एका माजी काउंटी क्लार्कने (लग्नाची लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याने) ओबर्गफेल निकाल फिरवा म्हणून केलेली विनंती सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच घेतली नाही, हेही लक्षात ठेवा.

व्हिसाचं म्हणाल तर ती केंद्राची बाब आहे, टेक्सासचा त्यात काही संबंध नाही. 2013 च्या विंडसर निकालानंतर (केंद्राने समलिंगी लग्न मानायचं नाही हा कायदा सुप्रीम कोर्टाने त्यात रद्द केला) इमिग्रेशनवाले लग्न कुठे झालं तेच बघतात, कुठे राहता ते बघत नाहीत. नोकरी बदलली की एच वन बी चे कागद पुन्हा करावे लागतात, आणि एच फोरची मुदत संपत आली असेल तर तिचेही, ते इतर कुठल्याही जोडप्यासारखेच.

एक मात्र त्यांना आवर्जून सांगा. निघायच्या आधी मॅरेज सर्टिफिकेटच्या दोन-चार सर्टिफाइड कॉपी काढून घ्या, आणि टेक्सासला पोचल्यावर एकमेकींच्या नावाने मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नी (आजारपणात दुसरीसाठी निर्णय घ्यायचा अधिकार) आणि मृत्युपत्र करून ठेवा. लग्न मान्य आहे म्हणून याची कायद्याने गरज नाही पण रात्री दोन वाजता इमर्जन्सीत काउंटरवरच्या माणसाशी सुप्रीम कोर्टाच्या निकालावर वाद घालायची वेळ कोणावर येऊ नये, कागद पुढे केला की विषय संपतो.

प्रश्न : आम्ही दोघी न्यू जर्सीत राहतो, लग्न झालेलं आहे. बाळ माझ्या बायकोने जन्माला घातलं, डोनर अनोळखी होता, बर्थ सर्टिफिकेटवर आम्हा दोघींची नावं आहेत. आता वकील म्हणते की मी माझ्याच बाळाला दत्तक घ्यावं. हे ऐकून मला रडूच आलं. मी पहिल्या दिवसापासून त्याची आई आहे. हे खरंच करायला हवं का? — एडिसनहून एक आई

करा. तुझा राग मला पूर्ण कळतो आणि तो रास्त आहे, आपल्याच लेकराला दत्तक घ्यायचं हे मनाला किती लागतं ते मी अनेकींकडून ऐकलंय. तरीही करच, आणि या महिन्यातच सुरुवात कर.

कारण असं की बर्थ सर्टिफिकेट ही सरकार दरबारची नोंद आहे, कोर्टाचा निकाल नाही. एका राज्याच्या नोंदीला दुसऱ्या राज्यात आव्हान देता येतं. कोर्टाच्या निकालाला मात्र अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सगळ्या राज्यांनी मान द्यावाच लागतो. 2017 मध्ये अर्कान्सॉच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न झालेल्या दोन बायकांची नावं दाखल्यावर टाकायला राज्य नकार देऊ शकत नाही, त्यामुळे नाव लागतं ते बरोबरच आहे. पण उद्या भांडण झालं, घटस्फोट झाला, किंवा देव न करो तुझ्या बायकोला काही झालं आणि तिच्या माहेरचे उठून उभे राहिले तर खरा आईबाप कोण याचा निवाडा त्या वेळी तुम्ही ज्या राज्यात असाल तिथला जज त्या राज्याच्या कायद्याने करणार, आणि बऱ्याच राज्यांचे पालकत्वाचे कायदे अजूनही एक आई एक बाप असंच धरून लिहिलेले आहेत.

दत्तकाच्या हुकमाची ताकद किती ते अलाबामाच्या केसमध्ये दिसलं. दोन बायका, तीन मुलं, एकीने मुलांना जन्म दिला आणि दुसरीने 2007 मध्ये जॉर्जियाच्या कोर्टातून दत्तक घेतलं. पुढे त्या वेगळ्या झाल्या, राहत होत्या अलाबामात, आणि मुलांना भेटायला मिळेना म्हणून दुसरी आई कोर्टात गेली. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं की जॉर्जियाचं दत्तक आम्ही मानतच नाही. मार्च 2016 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तोंडी युक्तिवादसुद्धा न ऐकता, एकमताने तो निकाल उलटवला. दुसऱ्या राज्याच्या कोर्टाचा हुकूम आवडला नाही म्हणून बाजूला टाकता येत नाही, एवढंच त्याचं सार. त्या बाईकडे नुसती नोंद असती तर तिच्या हातात काय राहिलं असतं याचा विचार कर.

तुझ्या राज्यात एक चांगली सोय आहे. न्यू जर्सीने 2020 मध्ये कन्फर्मेटरी अॅडॉप्शनचा कायदा केला, म्हणजे लग्न झालंय आणि दाखल्यावर दोघांची नावं आहेत अशा जोडप्यांसाठी सोपी पद्धत, घरी येऊन चौकशी करणारी सोशल वर्कर वगैरे प्रकार त्यात नसतो. इतर बऱ्याच ठिकाणी स्वतःच्याच घरात स्वतःचीच आई असल्याची परीक्षा द्यावी लागते, ते तुला टळेल. तुम्ही दुसऱ्या राज्यात जायचा विचार करत असाल तर जायच्या आधी इथेच उरका. हुकूम हातात आला की त्याच्या सर्टिफाइड कॉपी काढ, एक स्कॅन फोनमध्ये ठेव आणि प्रवासात कायम बरोबर राहू दे.

प्रश्न : इतकी राज्यं, इतके कायदे. केंद्र सरकार एकच कायदा करून मोकळं का होत नाही? आपल्याकडे तर एका निकालात 377 चं काम झालं. — एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, आपल्याकडे ते एका फटक्यात झालं कारण मुळात कायदाच एक होता. इंग्रजांनी 1860 मध्ये केलेल्या दंडसंहितेतलं ते कलम, आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेल्या संबंधांना ते लागू नाही, झालं.

अमेरिकेत फौजदारी कायदा, लग्न, दत्तक, वारसा, शाळा, डॉक्टरचं लायसन्स हे सगळं मुख्यतः राज्यांच्या हातात आहे. त्यामुळे समलिंगी संबंधांचा गुन्हा इलिनॉयने 1961 मध्येच काढून टाकला आणि टेक्सासमध्ये तो 2003 पर्यंत चालू होता. 1998 मध्ये ह्यूस्टनच्या एका फ्लॅटमध्ये पोलीस शिरले, दोन पुरुषांना अटक झाली, दोघांना प्रत्येकी 200 डॉलर दंड झाला, आणि तीच केस सुप्रीम कोर्टात जाऊन 26 जून 2003 ला निकाल लागला की घराच्या चार भिंतीत सज्ञान माणसं काय करतात ते राज्याने बघायचं नाही. त्या दिवशी असे कायदे असणारी 13 राज्यं शिल्लक होती. टेक्सासचं ते कलम आजही कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे, लागू होत नसलं तरी, आणि ते काढून टाकायची विधेयकं तिथल्या विधिमंडळात अडकतात.

केंद्राने प्रयत्न केला नाही असं नाही. इक्वालिटी अॅक्ट नावाचं विधेयक नोकरी, घर, कर्ज, दुकानं, सगळीकडे एकच नियम आणणारं, ते प्रतिनिधीगृहात 2019 आणि 2021 मध्ये पास झालं आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये राहिलं. माझं मत विचाराल तर राज्यांना मोकळीक असण्यात चांगलंही बरंच आहे, विस्कॉन्सिनने 1982 मध्येच नोकरी आणि घरात समलिंगी लोकांशी भेदभाव करायला बंदी घातली, देशात पहिली, आणि सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन होते. पण माणसाला घर मिळणार की नाही हे तो हायवेच्या कुठल्या बाजूला राहतो यावर ठरावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न : मी आणि माझा पार्टनर ओहायोत कोलंबसला राहतो. एका अपार्टमेंटचं सगळं ठरलं होतं, आम्ही दोघं बघायला गेलो आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा मेसेज की तुमच्यासारख्यांना द्यायचं नाही. ऑफिसमध्ये अजून सांगितलं नाहीये, आता तिथेही भीती वाटते. आम्हाला काही संरक्षण आहे की नाही? — एक सॉफ्टवेअर इंजिनियर

आहे, पण नोकरीचं वेगळं आणि घराचं वेगळं, म्हणून दोन्ही वेगळं सांगते.

नोकरीत तू बऱ्यापैकी सुरक्षित आहेस. 15 जून 2020 च्या बॉस्टॉक निकालात सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने सांगितलं की गे किंवा ट्रान्स आहे म्हणून कामावरून काढणं हा लिंगावरून केलेला भेदभावच आहे आणि 1964 च्या नागरी हक्क कायद्याने तो बेकायदा आहे. हे सगळ्या देशाला लागू, ओहायो काय म्हणतं ते विचारायची गरज नाही, फक्त कंपनीत निदान 15 माणसं हवीत. त्या निकालात तीन केसेस एकत्र होत्या. जॉर्जियातला काउंटीचा कर्मचारी जेराल्ड बॉस्टॉक, गे लोकांच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळायला लागला आणि नोकरी गेली. न्यूयॉर्कमधला एक स्कायडायव्हिंग शिकवणारा. आणि मिशिगनमधली एमी स्टीफन्स, अंत्यविधीच्या फ्युनरल होममध्ये काम करायची, ट्रान्स आहे असं पत्र मालकाला दिलं आणि काढून टाकली. निकाल यायच्या महिनाभर आधी एमी वारली. आज तू ज्याच्या जोरावर ऑफिसात मान वर करून बसू शकतोस ते या माणसांनी मिळवून ठेवलंय. ऑफिसात सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुझा प्रश्न, पण काही झालंच तर तारखा, ईमेल, कोण काय बोललं हे सगळं घरच्या वहीत लिहून ठेव, आणि लक्षात ठेव की ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी केंद्राची एजन्सी) तक्रारीची मुदत 180 दिवसांची असते, राज्याचीही अशीच एजन्सी असेल तिथे 300. लोक वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते, हे फार होतं.

घराच्या बाबतीत मात्र सुप्रीम कोर्टाचा असा थेट निकाल नाही. ओहायोत गे लोकांना नाव घेऊन संरक्षण देणारा राज्याचा कायदा नाही, विधेयक अनेकदा आलं पण पुढे सरकलं नाही. पण कोलंबस शहराचा स्वतःचा नियम आहे आणि त्यात घर भाड्याने देताना लैंगिक कल आणि जेंडर आयडेंटिटी यावरून भेदभाव करायला बंदी आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे ते अपार्टमेंट शहराच्या हद्दीत आहे की बाजूच्या उपनगरात ते बघ, कारण पत्ता कोलंबसचा लिहितात आणि हद्द दुसरीच असते. हद्दीत असेल तर शहराकडे लगेच तक्रार कर. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे पाठवून ठेव. मालकाने लेखी कारण दिलंय हे तुझ्या बाजूने फार मोठं आहे, बहुतेक जण नुसतं घर गेलं म्हणून सांगतात.

आणि जाताजाता, मिळालेला हक्क काढूनही घेतला जातो हे आयोवाने दाखवलं. तिथे 2007 पासून राज्याच्या नागरी हक्क कायद्यात ट्रान्स लोकांना संरक्षण होतं, ते 2025 मध्ये कायदा करून काढून टाकलं, 1 जुलैपासून. असं करणारं ते पहिलं राज्य. उलट मिशिगनने 2023 मध्ये नव्याने संरक्षण दिलं. म्हणून घर बदलताना नुसतं शाळा आणि प्रॉपर्टी टॅक्स बघू नका, हेही बघा.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. आमचा मुलगा 15 वर्षांचा आहे, जन्माने मुलगी. दोन वर्षं काउन्सेलिंग चालू आहे. डॉक्टर म्हणतात टेक्सासमध्ये 18 च्या आत औषधं देता येणार नाहीत. मुलगा खूप गप्प झालाय. आम्ही काही केलं तर आमच्यावर केस होईल का अशी भीती बायकोला वाटते. काय करावं? — एक बाबा

तुम्ही "आमचा मुलगा" असं लिहिलंय ते वाचून फार बरं वाटलं. त्याच्यासाठी घरात हे आहे ही आत्ता सगळ्यात मोठी गोष्ट आहे, हे मी मनापासून लिहितेय.

कायदा असा आहे. टेक्सासचा एसबी 14 नावाचा कायदा 1 सप्टेंबर 2023 पासून लागू आहे. 18 खालच्या मुलांना जेंडर बदलासाठी प्युबर्टी ब्लॉकर (वयात येणं थांबवणारी औषधं), हार्मोन किंवा सर्जरी देणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स जातं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो कायम ठेवला, आणि 18 जून 2025 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेनेसीच्या अशाच कायद्याच्या केसमध्ये 6 विरुद्ध 3 ने सांगितलं की राज्यांना अशी बंदी घालता येते. जवळपास निम्म्या राज्यांत आता अशी बंदी आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे, ते टाळाटाळ करत नाहीयेत.

पण हा कायदा डॉक्टरांवर आहे, आईबापांवर नाही. बायकोची भीती कुठून आली ते मला कळतं, फेब्रुवारी 2022 मध्ये गव्हर्नरनी मुलांना असे उपचार देणाऱ्या पालकांची चाइल्ड अब्यूज म्हणून चौकशी करा असा आदेश दिला होता आणि काही घरांत चौकशी करणारे खरंच पोचले होते, तेव्हा पीफ्लॅग नावाची पालकांची संघटना कोर्टात गेली आणि मनाई हुकूम मिळवला. काउन्सेलिंगवर एसबी 14 मध्ये बंदी नाही, ते चालू ठेवा, खंड पडू देऊ नका. घरात त्याचं नाव, त्याचे कपडे, त्याचे केस, यातल्या कशावरही टेक्सासचा कायदा काही म्हणत नाही.

दुसऱ्या राज्यात नेण्याचा विचार बरेच पालक करतात. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांनी शील्ड लॉ केलेत, म्हणजे बाहेरच्या राज्याने पेशंटची माहिती मागितली तर ती देऊ नये अशी तरतूद. टेक्सासच्या अॅटर्नी जनरलनी सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे टेक्सासच्या पेशंटची कागदपत्रं मागितली होती, हॉस्पिटल कोर्टात गेलं आणि 2024 मध्ये ती मागणी मागे घ्यावी लागली. मात्र 2025 पासून केंद्र सरकारचाही दबाव वाढलाय, लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलने आपलं केंद्र जुलै 2025 मध्ये बंद केलं, त्यामुळे तिकडे गेलं की सगळं मिळेल असं धरून घर विकू नका. आधी फोन करा, नवीन पेशंट घेतायत का ते विचारा, आणि प्रवासाआधी टेक्सासच्या वकिलाशी एकदा बोला.

शाळेचंही सांगते कारण गप्प होण्याचं मूळ तिथे असू शकतं. टेक्सासने 2025 मध्ये एसबी 12 केला, त्यात शाळेत अशा मुलांचे क्लब बंद केले आणि शिक्षकांनी मुलाच्या जेंडर बदलाला मदत करायची नाही, म्हणजे नवीन नावाने हाक मारणंसुद्धा त्यात येतं असं बऱ्याच शाळांनी धरलं. कायद्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे. पण तुमच्या मुलाच्या दृष्टीने झालं काय, तर कालपर्यंत ज्या टीचर त्याला त्याच्या नावाने हाक मारत होत्या त्यांनी एक दिवस बंद केलं. त्याला हे विचारा, सरळ विचारा. त्यांनी मनाने केलं नाही, कायद्याने करावं लागलं, हे त्याला कळलं तरी ओझं हलकं होईल.

आणि एकटे राहू नका. देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज ही आपल्यासारख्या दक्षिण आशियाई घरांची संस्था आहे, तिथे आजीला कसं सांगायचं, गणपतीला लोक घरी आले की काय करायचं, हे प्रश्न परत पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाहीत. मुलासाठी ट्रेव्हर प्रोजेक्टची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र. 988 या मानसिक संकटातल्या लोकांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर अशा मुलांसाठी वेगळा पर्याय होता तो जुलै 2025 मध्ये बंद केला गेला, 988 चालू आहे पण तो पर्याय नाही, म्हणून ट्रेव्हरचा नंबर त्याच्या फोनमध्ये आजच टाकून द्या. मुलगा जगायचं नाही असं काही बोलला तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : मी ट्रान्स बाई आहे, भावाकडे ऑस्टिनला महिनाभर चाललेय. तिकडे बाथरूम वापरल्यावर पकडतात असं ऐकलं. — ठाणे

जन्माच्या लिंगाप्रमाणेच बाथरूम वापरायला लावणारा टेक्सासचा हा कायदा 4 डिसेंबर 2025 पासून लागू आहे. तो सरकारी इमारतींना आहे, म्हणजे ऑफिसं, सरकारी शाळा, युनिव्हर्सिटी, लायब्ररी, शहराच्या मालकीचे एअरपोर्ट. दंड त्या संस्थेला होतो, पहिल्या वेळी 25,000 डॉलर आणि पुढे 1,25,000, वापरणाऱ्या माणसाला या कायद्यात दंड नाही. पण दंडाच्या भीतीने तिथला स्टाफ हटकू शकतो. एअरपोर्टवर फॅमिली रेस्टरूम असतात, एकाच व्यक्तीसाठीचे, ते निर्धास्त वापर. मॉल, हॉटेल, रेस्टॉरंट खाजगी आहेत, त्यांना हा कायदा लागू नाही. पुढे फ्लोरिडा फिरायला जाणार असाल तर तिथे जास्त जपून, तिथे सरकारी इमारतीत कर्मचाऱ्याने बाहेर जा म्हटल्यावर गेलं नाही तर ट्रेसपासचा (बेकायदा घुसल्याचा) गुन्हा होतो, आणि व्हिजिटर व्हिसावर असलं लफडं अजिबात नको. भावाला हे सगळं आधीच सांग म्हणजे तो बरोबर असेल.

प्रश्न : भाचा आणि त्याचा नवरा कॅलिफोर्नियातून कायमचे मुंबईला परत यायचं म्हणतायत. त्यांचं लग्न इथे चालेल का? — मामा, दादर

नाही चालणार. भारताच्या सुप्रीम कोर्टाने 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते काम संसदेचं आहे म्हणून सांगितलं, आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. कायद्याच्या नजरेत इथे ते दोन अविवाहित पुरुष. जॉइंट अकाउंट उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने तसं पत्रक काढलंय. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्या, दोघांनी मृत्युपत्र करून रजिस्टर करा, कारण ते नसेल तर वारसाहक्काने सगळं रक्ताच्या नात्याकडे जाईल. मामा म्हणून तुम्ही मृत्युपत्राला साक्षीदार राहिलात तर पुढे घरातलं कोणी बोलायला उठलं तरी तुमच्या शब्दाला वजन राहील.

प्रश्न : मुलाने गेल्या वर्षी सांगितलं की तो गे आहे. आता एमएससाठी त्याला अटलांटा आणि बॉस्टन दोन्हीकडून अॅडमिशन आलीय. अटलांटाचा कोर्स चांगला आणि खर्च कमी. पण जॉर्जिया राज्याबद्दल वाचलं की काळजी वाटते. मी त्याला काही बोललो नाहीये. — एक वडील, नाशिक

राज्य म्हणून बघितलं तर फरक मोठा आहे. मॅसॅच्युसेट्सने 1989 मध्येच भेदभावाला बंदी केली, 17 मे 2004 ला देशातली पहिली कायदेशीर समलिंगी लग्नं तिथेच लागली, आणि 2018 मध्ये ट्रान्स लोकांचं संरक्षण ठेवायचं की काढायचं यावर मतदान झालं तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी ठेवा म्हटलं. जॉर्जियात भेदभावाविरुद्ध राज्याचा असा कायदा नाही, द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांचा कायदा 2020 मध्ये आला, त्यात लैंगिक कल धरलेला आहे.

पण मुलगा राज्यात कमी आणि शहरात जास्त राहणार. अटलांटा शहराचा स्वतःचा नियम आहे, नोकरी, घर, दुकानं सगळ्यासाठी, आणि दक्षिणेतल्या राज्यांतून गे लोक वर्षानुवर्षं तिथे येऊन राहिलेत, अख्खे मोहल्ले आहेत. कॅम्पसजवळ, शहराच्या हद्दीत राहणारा विद्यार्थी तिथे मोकळा राहू शकतो. पहिली नोकरी लागली की बॉस्टॉक निकाल त्याच्याही मागे आहे. तेव्हा फक्त या भीतीपायी चांगला कोर्स सोडायला सांगू नका. युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग ऑफिसला ईमेल करून रूममेट निवडायची सोय आहे का, क्वीअर विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे का, इन्शुरन्समध्ये काउन्सेलिंग धरलंय का, एवढं विचारून घ्या.

आणि हे सगळं त्याच्याबरोबर बसून विचारा. तुम्ही लिहिलंय की त्याला काही बोललो नाही. तो बहुतेक असं समजून चाललाय की बाबांना हा विषय नको आहे. तुम्ही राज्यांचे कायदे वाचत बसलायत हे त्याला माहीतच नाही, ते त्याला कळू द्या, आणि शहर त्याला निवडू द्या.